एकाच कातळातील दोन पोकळ्या

नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत उभ्या असलेल्या त्रिरश्मी डोंगराच्या मध्यावर चोवीस लेणी आहेत. ती वनवासातल्या पांडवांनी खोदली, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असून पांडवलेणी हेच नाव आजही सर्वांच्या तोंडी आहे. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मी लिपी पुन्हा वाचता येऊ लागली आणि या लेण्यांच्या भिंतींवरचे शिलालेख बोलू लागले. दहाव्या लेण्यातील एका लेखात क्षत्रप म्हणजे शक राज्यकर्ता नहपान याचा जावई उषवदात याने दिलेल्या देणगीचा हिशेब कोरलेला आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, 3,000 कार्षापणे (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवली होती, त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक आणि 1,000 वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते, आणि त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर गरजांचा खर्च भागवायचा होता. तिसऱ्या लेण्यातील लेख सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा आहे. त्याखेरीज अर्धवट सोडून दिलेले काम, भिंतींवरचे छिन्नीचे घाव आणि पाण्यासाठी खोदलेली टाकी यांवरून खोदणाऱ्यांची पद्धतही समजते.

म्हणजे लेणी कोणीतरी केली आहेत यावर श्रद्धावान आणि पुरातत्त्वज्ञ यांचे एकमत आहे. मतभेद आहे तो कोणी केली याबद्दल. विज्ञानाला कर्त्याचे वावडे आहे, असा एक समज ईश्वरविषयक वादांत वारंवार आढळतो, आणि तो मुळातच चुकीचा आहे. मातीखाली सापडलेल्या खापराच्या तुकड्यावरून किंवा गारगोटीच्या छिलक्यावरून त्यामागच्या माणसापर्यंत पोहोचणे हे पुरातत्त्वज्ञाचे रोजचे काम आहे. प्रश्न एवढाच असतो, की कर्त्याचे अनुमान कशावरून काढायचे.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी त्याच डोंगराच्या परिसरातील दुसऱ्या प्रकारच्या पोकळ्या पाहाव्या लागतात. नाशिकचा सारा काळा कातळ हा बेसॉल्ट आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो. लाव्हा वर येताना त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतात, आणि लाव्हा लवकर थिजला तर ते बुडबुडे दगडात पोकळ्या होऊन अडकून राहतात. पुढे दीर्घकाळ या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिले, त्याने कातळातील सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम असे घटक विरघळवून घेतले आणि योग्य तापमानाला ते पोकळीच्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपात जमा केले.

दगडखाणीत असा दगड फुटला, की बाहेरून काळपट, ओबडधोबड आणि कोणी ढुंकूनही पाहणार नाही अशा त्या तुकड्याच्या आत फिकट गुलाबी स्टिल्बाइट या खनिजाच्या जुड्या, स्कोलेसाइटच्या केसासारख्या पांढऱ्या सुया आणि त्यांच्यामध्ये ॲपोफिलाइटचे चौकोनी, काचेसारख्या सपाट पैलूंचे हिरवे स्फटिक दिसतात. तो हिरवा रंग व्हॅनेडियमच्या अत्यल्प अंशाने येतो. पांडवलेणीच्या परिसरातील खाणींतून निघालेले असे नमुने जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहेत आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते दालने भरून मांडलेले आहेत. ते पाहताना ‘ही देवाचीच कारागिरी’ असे उद्गार कोणाच्याही तोंडून सहज निघतील, कारण नेमके कोन आणि गुळगुळीत पैलू आपण एरवी पाहतो ते हिरे घासणाऱ्याच्या किंवा सुताराच्या हातून घडलेले असतात. प्रत्यक्षात स्फटिकाचा कोन ठरतो तो अणूंच्या मांडणीवरून. एका अणुसमूहाला दुसरा कोणत्या दिशेने चिकटला तर ऊर्जा सर्वांत कमी राहील, याचे उत्तर प्रत्येक थरात सारखेच असते, आणि तेच उत्तर अब्जावधी वेळा गिरवले गेले की डोळ्यांना दिसणारा पैलू तयार होतो.

एकाच कातळात अशा दोन पोकळ्या आहेत. दोन्हींत नेटकेपणा आहे, तरी एकीबाबत आपण कर्ता मानतो आणि दुसरीबाबत मानत नाही. याचाच अर्थ, नेटकेपणा हा स्वतः कर्त्याचा पुरावा होऊ शकत नाही.

हा मुद्दा भारतीय तर्कशास्त्रात फार पूर्वी मांडला गेला होता. नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, ईश्वरसिद्धीचे प्रमुख अनुमान असे, की पृथ्वी इत्यादी वस्तू कार्य आहेत, म्हणजे उत्पन्न झालेल्या आहेत, आणि जे जे कार्य असते त्याला घटाप्रमाणे ज्ञानवान कर्ता असतो. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास हे अनुमान कळसाला नेले. त्यांच्या कित्येक शतके आधी बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने त्यातील नेमकी कमजोर जागा दाखवून दिली होती. घट हा मातीचा विकार, म्हणजे रूपांतर, आहे आणि तो कुंभार करतो, एवढ्यावरून मातीच्या प्रत्येक विकाराला कुंभार हवा असे म्हणायचे असेल, तर वारूळही कुंभारानेच केले असे मानावे लागेल. घटावरून कुंभाराचे अनुमान बरोबर ठरते, कारण कुंभार घट करताना आपण पाहिलेला असतो. निव्वळ शब्दाचे साम्य साधून ते डोंगरापर्यंत ताणता येत नाही. वैदिक परंपरेतल्याच कुमारिल भट्टानेही सृष्टिकर्त्याची कल्पना नाकारली. सृष्टीच्या आधी या कर्त्याला शरीर होते का, नसेल तर त्याने इच्छा कशी केली, आणि हे सारे पाहायला साक्षीदार कोण होता, असे त्याचे रोकडे प्रश्न आहेत. सृष्टिकर्ता न मानणे म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी निदान ही दोन नावे तरी विचारात घ्यायला हवीत.

युरोपात हाच युक्तिवाद 1802 मध्ये विल्यम पेली या धर्मोपदेशकाने घड्याळाच्या रूपाने मांडला. माळावरून चालताना पायाला दगड लागला तर तो तिथे कायमचाच असेल असे म्हणून भागेल, पण घड्याळ सापडले तर ते घडवणारा मानावाच लागेल, आणि सजीवांचे अवयव तर घड्याळापेक्षाही गुंतागुंतीचे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. चार्ल्स डार्विनने विद्यार्थिदशेत पेली वाचला होता आणि तो त्याला आवडलाही होता. 1859 मध्ये त्याने मांडलेल्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताने घड्याळाच्या बाजूचे उत्तर दिले, त्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. मला मात्र पेलीने बाजूला सारलेला दगड अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्या युक्तिवादात दगड हा इतिहास नसलेला, स्पष्टीकरणाची गरज नसलेला पदार्थ आहे. वास्तविक त्या काळात भूविज्ञान आकार घेऊ लागले होते, आणि दगडालाही जन्म आहे, वय आहे, हे हळूहळू उलगडत होते. आज आपण पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे मानतो. एवढा वेळ हाताशी नसता, तर डार्विनच्या सिद्धांताला काम करायला जागाच उरली नसती.

नाशिकशी जवळचे नाते असलेला आणखी एक साक्षीदार या वादात आहे, तो म्हणजे गुरू ग्रह. गुरू सिंह राशीत आला की त्र्यंबकेश्वरी आणि नाशिकला सिंहस्थ भरतो. 2015 नंतर आता 2027 च्या पर्वणीची तयारी सर्वत्र दिसते आहे. गुरूची सूर्याभोवतीची फेरी 11.86 वर्षांची असल्यामुळे सात फेऱ्यांना चौऱ्याऐंशी नव्हे, तर त्र्याऐंशी वर्षे लागतात, आणि म्हणून सिंहस्थाचे अंतर कधीतरी अकरा वर्षांचे येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली आणि इतरांच्या ध्यानात आले, की जुन्या नोंदींच्या तुलनेत गुरूची गती वाढत आहे आणि शनीची मंदावत आहे. हे असेच चालू राहिले तर सूर्यमाला विस्कटायला हवी. ग्रह परस्परांना ओढतात आणि त्यातून साठत जाणारी अनियमितता अखेर ईश्वराला दुरुस्त करावी लागेल, असे न्यूटनचे मत होते. त्यावर जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्सने खोचक टीका केली, की न्यूटनचा ईश्वर स्वतःच्या घड्याळाला अधूनमधून किल्ली देणारा आणि ते दुरुस्त करणारा कारागीर ठरतो. लाइबनित्सही आस्तिकच होता, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. ईश्वराला अशा डागडुजीला जुंपणे त्याला अपमानास्पद वाटत होते.

कोडे सोडवले ते 1785 च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने. गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन फेऱ्या जवळजवळ सारख्या काळात, म्हणजे सुमारे 59 वर्षांत, पूर्ण होतात. त्यामुळे दोघांची परस्परांवरील ओढ एकाच पद्धतीने साठत जाते आणि मग उलट फिरते. हे चक्र सुमारे 900 वर्षांचे आहे. म्हणजे जी गती कायमची बिघडत चालल्यासारखी भासत होती, ती एका दीर्घ आवर्तनाचा तुकडा होती. तुमच्या खगोलविषयक ग्रंथात ईश्वराचा उल्लेख का नाही, असे नेपोलियनने विचारले असता लाप्लासने ‘मला त्या गृहीतकाची गरज पडली नाही’ असे उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिचा अर्थ ‘ईश्वर नाही’ असा लावणे मात्र घाईचे आहे. लाप्लासने एक विशिष्ट काम, जे न्यूटनने ईश्वराकडे सोपवले होते, ते गुरुत्वाकर्षणाकडून करून घेतले. शिवाय प्रकरण तिथेही मिटलेले नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासानुसार पुढील 500 कोटी वर्षांत बुधाची कक्षा अतिशय लंबगोल होऊन आतल्या ग्रहांची घडी विस्कटण्याची शक्यता सुमारे एक टक्का आहे. न्यूटनची चिंता निराधार नव्हती. तिच्यावर त्याने सुचवलेला उपाय तेवढा अनावश्यक होता.

विश्वाच्या आरंभाबाबत तर पक्षांची उलटापालट झालेली दिसते. विश्व एका अतिघन अवस्थेतून प्रसरण पावले, ही पुढे महास्फोट म्हणून ओळखली गेलेली कल्पना 1931 मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन शास्त्रज्ञ कॅथलिक पाद्री होता. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांतात सृष्टिनिर्मितीचे समर्थन असल्याचे सुचवले, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाला तो लमेत्रच. आपला सिद्धांत कोणत्याही धार्मिक प्रश्नाच्या बाहेरचा आहे, असे तो सांगत राहिला. दुसऱ्या बाजूला, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांना विश्वाला एकदाच झालेला आरंभ मान्य नव्हता. 1948 मध्ये मांडल्या गेलेल्या स्थिर स्थिती सिद्धांताचे ते प्रमुख पुरस्कर्ते होते आणि त्यांचेच शिष्य व सहकारी म्हणजे आपले जयंत नारळीकर. 1965 मध्ये सर्व दिशांनी येणारे, सुमारे 2.7 केल्विन तापमानाचे, विश्वाच्या आद्य उष्णतेचा अवशेष मानले जाणारे सूक्ष्मलहरी प्रारण जाहीर झाले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने गेले. नारळीकरांनी मात्र अखेरपर्यंत महास्फोटावर आपले आक्षेप नोंदवले. निकाल लागला तो प्रारणाच्या मोजमापाने. कोण आस्तिक आणि कोण नास्तिक, याचा त्यात काही संबंध आला नाही.

‘असत् नव्हते, सत्ही नव्हते’ अशी सुरुवात असलेले ऋग्वेदातील नासदीय सूक्त हे महास्फोटाचे पूर्वज्ञान होते, असेही अलीकडे सांगितले जाते. त्या सूक्ताचा शेवट, हे सारे कोठून आले ते परम आकाशातला अधिपती जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल, अशा संशयावर होतो. संशयालाच निष्कर्षाचा पोशाख चढवणे हा त्या कवीवर अन्याय आहे. तसेच सृष्टीपासून वेगळा, बाहेर बसून घडवणारा कारागीर ही कल्पना आपल्या सर्व भक्तिपरंपरांत मध्यवर्ती नाही. त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ असलेल्या निवृत्तिनाथांचे शिष्य ज्ञानेश्वर जगाला चिद्विलास, म्हणजे चैतन्याचीच लीला, म्हणतात. तिथे घडवणारा आणि घडलेले असे दोन पदार्थच उरत नाहीत. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला जाणाऱ्या वारकऱ्याची श्रद्धा बेसॉल्टच्या वयावर अवलंबून नसते, आणि म्हणून ते वय मोजल्याने ती ढळतही नाही. मात्र ब्रह्मगिरीवरील पाणी कुठून येते, ते किती दिवस टिकेल आणि गोदावरी कोरडी का पडते, हे प्रश्न पाऊस, कातळातील भेगा आणि उपसा यांचे आहेत, त्यांना श्रद्धेकडून उत्तर मागणे गैर आहे.

आज आस्तिकांच्या हातातील सर्वांत दमदार युक्तिवाद भौतिक नियमांच्या जुळणीचा आहे आणि त्याचे एक गाजलेले उदाहरणही हॉयल यांचेच आहे. ताऱ्यांत कार्बन पुरेसा तयार व्हायचा असेल, तर कार्बनच्या अणुकेंद्रकाला एक विशिष्ट उत्तेजित ऊर्जापातळी असायलाच हवी, असे त्यांनी 1953 मध्ये सांगितले, आणि प्रयोगात ती सुमारे 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला सापडली. एखाद्या महाबुद्धीने भौतिकशास्त्रात ढवळाढवळ केली असावी असे वाटण्याइतके हे जुळून आले आहे, अशा अर्थाचे उद्गार निरीश्वरवादी हॉयल यांनी पुढे काढले. नंतरच्या गणितांनी ही जुळणी वाटली तितकी काटेकोर नसल्याचे दाखवले आहे, तरी प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. त्यावर काही भौतिकशास्त्रज्ञ असंख्य विश्वांची कल्पना मांडतात: प्रत्येक विश्वात नियमांचे आकडे वेगळे, आणि आपण आहोत ते अर्थातच जिथे असणे शक्य होते त्या विश्वात. हे उत्तर गणिताच्या भाषेत असल्याने वैज्ञानिक वाटते, परंतु दुसऱ्या विश्वाचे एकही निरीक्षण आजवर हाती आलेले नाही, आणि ते मिळेपर्यंत या उत्तराने ईश्वराचा प्रश्न निकालात निघाला असे म्हणणाऱ्याला धर्मकीर्तीच्या वारुळाचे उत्तर नैयायिकाइतकेच द्यावे लागेल.