उशिरा आलेला दुसरा भाग

गाजलेल्या विज्ञानपटाचा पुढचा भाग वीस-तीस वर्षांनी काढावा की नाही, यावर हल्ली प्रत्येक घोषणेबरोबर वाद होतो. पूर्वी तो होत नसे, कारण एवढा उशीरच होत नसे. 1968 मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ चालला आणि 1970 ते 1973 या काळात दरसाल एक याप्रमाणे त्याचे चार भाग येऊन गेले. तवा तापलेला आहे तोवर पोळ्या भाजून घ्यायच्या, एवढाच त्यामागचा हिशेब होता. 1968 मध्येच आलेल्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’चा पुढचा भाग मात्र सोळा वर्षांनी, 1984 मध्ये निघाला आणि उशिराची अडचण तिथे उघडी पडली. पहिल्या भागाचा दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने मूळ यानाच्या प्रतिकृती आणि नेपथ्य मोडून टाकायला लावले होते. त्यामुळे नवे दिग्दर्शक पीटर हायम्स यांच्या माणसांना जुन्या प्रिंटमधल्या चौकटी मोठ्या करून, त्यांवरून मापे काढून ‘डिस्कव्हरी’ यान पुन्हा उभे करावे लागले. एकदा होऊन गेलेली गोष्ट जशीच्या तशी पुन्हा घडवण्यातच निम्मी मेहनत खर्ची पडावी, हे पुढच्या चाळीस वर्षांतल्या कित्येक उत्तरभागांचे प्राक्तन ठरले.

उशीर वाढत गेला तो बराचसा धंद्याच्या कारणांनी. रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ 1982 मध्ये अमेरिकेत पडला, तेव्हा त्याच्या पुढच्या भागाचा विचार कोणी केला नसता. व्हिडिओ कॅसेट आणि केबल यांनी त्याला हळूहळू प्रेक्षक मिळवून दिला, 1992 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, 2011 मध्ये हक्क दुसऱ्या कंपनीने घेतले आणि डेनी व्हिलनव्ह यांचा ‘ब्लेड रनर 2049’ पडद्यावर यायला 2017 साल उजाडले. पस्तीस वर्षांत पहिला चित्रपट अभिजात ठरला होता, तरीही दुसरा तिकीटखिडकीवर अपेक्षेइतका चालला नाही; छायाचित्रण आणि दृश्य परिणाम यांची दोन ऑस्कर मात्र त्याने घेतली. उलट 2012 मध्ये डिस्नेने 400 कोटी डॉलरहून अधिक मोजून ‘स्टार वॉर्स’ची कंपनी विकत घेतली आणि 2015 मध्ये आलेल्या सातव्या भागाने त्याच्या निम्मी रक्कम एकट्याने जमवली. त्या सौद्यात मुख्यतः जे विकले गेले ते प्रेक्षकांचे लहानपण होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठवाड्यात या उशिराचा अर्थ थोडा निराळा आहे, कारण इथे पहिला भागच उशिरा येई. ऐंशीच्या दशकातले इंग्रजी विज्ञानपट इथल्या तालुक्याच्या गावांना कळले ते पुढे व्हिडिओ सेंटरवर आणि केबलवर, भारनियमनाच्या वेळा सांभाळून, पुष्कळदा शेवटची पंधरा मिनिटे गमावून. 1994 मध्ये हिंदीतून आलेला ‘जुरासिक पार्क’ हा अपवाद होता. लातुरात तो पाहिला तेव्हा किल्लारीच्या भूकंपाला वर्ष पुरे व्हायचे होते. गाडीत ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उमटतात आणि त्यामागून डायनासोर येतो, त्या प्रसंगी जगभरचे प्रेक्षक खुर्चीला खिळून बसले असतील. आमच्या रांगेतले तिघे उठून सरळ दाराकडे गेले. घरी त्या दिवसांत रात्री पेल्यावर पेला रचून ठेवत, हादरा बसलाच तर आवाजाने जाग यावी म्हणून. 2015 मध्ये ‘जुरासिक वर्ल्ड’ आला. त्यात जुने स्वागतकेंद्र पडझड झालेल्या अवस्थेत सापडते, 29 क्रमांकाची जुनी जीप दुरुस्त करून पळवली जाते, शेवटी पहिल्याच भागातला टी-रेक्स मदतीला येतो. चित्रपट प्रचंड चालला, आम्हालाही बरा वाटला. दाराकडे मात्र कोणी गेले नाही.

उशीर खऱ्या अर्थाने कारणी लागला तो त्याच वर्षी आलेल्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’मध्ये. 1973 च्या तेलटंचाईत ऑस्ट्रेलियातले लोक पेट्रोलपंपावर कसे हातघाईवर आले होते, याची आठवण जॉर्ज मिलर यांच्या 1979 च्या पहिल्या ‘मॅड मॅक्स’च्या मुळाशी होती आणि 1981 च्या दुसऱ्या भागात तर सारी मारामारी पेट्रोलसाठीच होती. 1985 च्या तिसऱ्या भागानंतर चौथ्याची जुळवाजुळव झाली, पण आधी 2001 च्या हल्ल्यांनंतर घसरलेला डॉलर आणि नंतर इराक युद्ध यांनी ती मोडली. पुढे ब्रोकन हिल या ऑस्ट्रेलियातल्या ओसाड भागात चित्रीकरण ठरले, तर तिथे इतका पाऊस झाला की वाळवंटात फुले उमलली आणि सगळा सरंजाम नामिबियात हलवावा लागला. दुष्काळावरचा चित्रपट पावसाने अडावा, यातला विनोद मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

तीस वर्षांनी आलेल्या या भागात पेट्रोल आहेच, पण सत्तेची किल्ली आता पाण्याच्या नळात आहे. उंच कड्यावरून हुकूमशहा पाणी सोडतो, खाली भांडी घेऊन माणसे एकमेकांवर कोसळतात, क्षणात धार बंद होते आणि पाण्याच्या आहारी जाऊ नका असे तो वरून बजावतो. हा चित्रपट आला मे 2015 मध्ये. मार्च 2016 मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे 144 कलम लागू झाले आणि 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पिंपांवर रंगाने नावे घातलेली असत आणि काहींनी झाकणांना कुलपेही लावली होती. हा भाग 1988 मध्ये निघाला असता तर तो पुन्हा पेट्रोलचाच झाला असता. मधल्या वर्षांत जगाची टंचाई बदलली आणि मिलर यांनी ती पडद्यावर आणली. उशिरा आलेला भाग काढण्याजोगा होता की नव्हता, हे ठरवायला याहून चांगली कसोटी सापडत नाही.

याच कसोटीवर ‘इंडिपेंडन्स डे’चा 2016 मधला दुसरा भाग उतरत नाही: वीस वर्षांनी शत्रू तोच, फक्त त्याचे यान मोठे. कमाईही पहिल्याच्या निम्म्यावर आली. 2021 मधला ‘मॅट्रिक्स’चा चौथा भाग निदान उत्तरभाग मागणाऱ्या मालकांची थट्टा तरी करतो, पण एवढ्यावर पूर्ण चित्रपट तरत नाही. ‘टर्मिनेटर’विषयी न बोललेले बरे.

ज्याचा पुढचा भाग अद्याप निघालेला नाही अशा एका चित्रपटाचा मात्र इथे उल्लेख करायला हवा. ख्रिस्तोफर नोलन यांच्या 2014 च्या ‘इंटरस्टेलर’चे शास्त्रीय सल्लागार किप थॉर्न यांनी सुरुवातीला कथेत गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश-काळातच उठणाऱ्या तरंगांच्या, शोधाचा प्रसंग धरला होता, तो अंतिम चित्रपटातून गळाला. पुढच्याच वर्षी, 14 सप्टेंबर 2015 रोजी, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी अशा लहरी प्रत्यक्ष टिपल्या, 2017 मध्ये थॉर्न त्या कामाच्या नोबेलचे एक मानकरी ठरले आणि एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने भारतातल्या लायगोसाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. त्या वेधशाळेची जागा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात आहे. गळालेला तो प्रसंग पुन्हा कोणी लिहायला घेतला, तर एक चौकट औंढ्याच्या माळावर लागेल.