बालकर्करोगातून बरी झालेली मुले : कारक (हालचालींची) कौशल्ये आणि शालेय प्रगती

कर्करोगातून बऱ्या झालेल्या काही मुलांच्या हालचालींवर आणि अभ्यासावर आजाराचे व उपचारांचे परिणाम दीर्घकाळ राहतात. संपन्न देशांत आज कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले निदानानंतर किमान ५ वर्षे जगतात. त्यामुळे ती शाळेत कशी रुळतात, हा प्रश्न उपचारांइतकाच महत्त्वाचा आहे.

लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो. त्यावरचे व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीपासून मिळते. ते जीव वाचवते, पण हातापायांच्या चेतातंतूंना इजाही करते. चालताना पाऊल लोंबते, घोटा ताठरतो, मूल अडखळते. बोटांतली ताकद कमी होते. बटण लावणे, कात्रीने कापणे, पेन्सिल धरणे जड जाते. अनेकांचा हा त्रास औषध थांबल्यावर ओसरतो, काहींचा वर्षानुवर्षे टिकतो. याच उपचारांतल्या स्टिरॉइडमुळे स्नायू अशक्त होतात, कधी खुब्याच्या वा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खुंटून हाड झिजते. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाची गाठ लहान मेंदूत होते आणि तोल व हालचालींचा मेळ तिथूनच सांभाळला जातो. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांची वाचाही काही काळ जाते.

वर्गात याचा सर्वांत मोठा फटका लिहिण्याला बसतो. उत्तर येत असते, पण हात मागे पडतो. पेपर अपुरा राहतो आणि मुलाला अभ्यासात कच्चे ठरवले जाते. हा अन्याय टाळता येण्यासारखा आहे. मात्र प्रत्येक अडचण हाताचीच नसते. मेंदूला दिलेले रेडिएशन आणि पाठीच्या कण्यातून दिलेले मेथोट्रेक्सेट हे औषध यांमुळे एकाग्रता, तात्पुरती स्मृती आणि विचारांचा वेग घटू शकतो. गणितात ते विशेष जाणवते. उपचारांच्या वेळी वय जितके लहान आणि रेडिएशनची मात्रा जितकी जास्त, तितका धोका अधिक. म्हणूनच ल्युकेमियाच्या बहुतेक मुलांना आता डोक्यावर रेडिएशन देत नाहीत. सिस्प्लॅटिन या औषधाने ऐकू कमी येत असेल, तर तेही मूल लक्ष देत नाही असे समजले जाते. बुडालेली शाळा आणि थकवा यांची भर वेगळीच.

फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून दिला जाणारा सराव) उपचार चालू असतानाच सुरू करणे हिताचे. शाळेने जादा वेळ, लेखनिक किंवा संगणकावर लिहिण्याची मुभा द्यावी. खेळाच्या तासाला मुलाला बाकावर बसवून न ठेवता झेपेल तसे खेळू द्यावे. मेंदूवरच्या उपचारांचे परिणाम काही वर्षांनीही दिसू लागतात. आधी शिकलेले सहसा पुसले जात नाही. नवे शिकण्याचा वेग कमी पडतो आणि सोबत्यांशी अंतर वाढत जाते. त्यामुळे स्मृती-एकाग्रतेची चाचणी एकदाच न करता प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाताना ती पुन्हा करावी लागते.