नावाऐवजी संकेतांक: कॅलिफोर्नियातील एचआयव्ही नोंदणीच्या सक्तीची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात एड्सच्या रुग्णाचे नाव आरोग्य खात्याला कळवणे 1983 पासून बंधनकारक होते. मार्च 1985 मध्ये एचआयव्हीची चाचणी आली आणि वेगळाच पेच उभा राहिला. ज्याला अजून काहीच त्रास नाही, फक्त रक्तात अँटिबॉडी सापडल्या आहेत, त्याचेही नाव द्यायचे का? कोलोरॅडोने त्याच वर्षी ‘हो’ म्हटले. कॅलिफोर्नियाने मात्र लेखी संमतीशिवाय चाचणीचा निकाल उघड करायला कायद्याने मनाई केली.

ही मनाई रास्तच होती. नाव फुटले की नोकरी, घर, विमा सगळेच धोक्यात येत असे. त्यात मतदारांपुढे कौलासाठी आलेला 1986 चा ‘प्रस्ताव 64’ विलगीकरणाचे कायदे एड्सला लावू पाहत होता, तर 1988 चा ‘प्रस्ताव 102’ बाधितांची नावे कळवण्याची डॉक्टरांवर सक्ती करणार होता. मतदारांनी दोन्ही मोठ्या फरकाने फेटाळले, पण नाव देण्याची धास्ती मनात राहिली ती राहिलीच.

1996 नंतर नव्या औषधांमुळे अनेक एचआयव्हीबाधित माणसे एड्सच्या टप्प्यापर्यंत पोचेनाशी झाली. त्यामुळे नुसते एड्सचे रुग्ण मोजून साथ कुठे पसरते आहे ते कळेना. अखेर 1 जुलै 2002 पासून एचआयव्हीची नोंदणीही सक्तीची झाली, पण नावाने नव्हे, संकेतांकाने. आडनावाचा साउंडेक्स, जन्मतारीख, लिंग आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (अमेरिकी सरकार देते त्या ओळख-क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे मिळून तो बनत असे.

साउंडेक्समध्ये आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर तसेच ठेवतात, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय ही अक्षरे गाळतात, पुढच्या व्यंजनांना ठरलेले अंक देतात, त्यांतले पहिले तीनच ठेवतात आणि अंक तीनपेक्षा कमी भरले तर शून्ये जोडतात. म्हणून देशपांडे होतात ‘डी 215’, तर जोशी आणि स्पॅनिश होजे (Jose) दोघेही ‘जे 200’. भिस्त उरते ती बाकीच्या घटकांवर, आणि घोळ नेमका तिथेच होई. प्रयोगशाळेकडे बहुधा सोशल सिक्युरिटी क्रमांक नसे, ती अर्धाच संकेतांक पाठवी. उरलेला भाग डॉक्टरांनी भरायचा आणि कोणता संकेतांक कोणत्या रुग्णाचा, याची नोंदही त्यांनीच ठेवायची. अनेक स्थलांतरितांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांकच नव्हता. लग्नानंतर आडनाव बदलले की साउंडेक्स बदले आणि एकच व्यक्ती दोनदा मोजली जाई. शंका आली की काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कर्मचाऱ्याने दवाखान्यात फोन करून जुनी फाइल काढायला लावायची. गोपनीयता जपण्याचा हेतू चांगला होता, पण त्याचा सगळा बोजा दवाखान्यांवर पडला.

निकाल लावला तो पैशाने. एचआयव्हीबाधितांच्या उपचारांसाठी पैसा देणाऱ्या रायन व्हाइट कायद्याखालचा केंद्रीय निधी यापुढे एचआयव्हीबाधितांच्या संख्येवर ठरणार होता आणि अटलांटाच्या केंद्र सरकारी रोगनियंत्रण केंद्राला (सीडीसी) संकेतांकाची आकडेवारी मान्य नव्हती. नावे दिली नाहीत तर उपचारांचाच पैसा आटणार, हे दिसत होते. 17 एप्रिल 2006 रोजी नावानिशी नोंदणीचा कायदा लागू झाला. संकेतांकांवरून नावांची यादी तयार होणे शक्य नव्हते, त्यामुळे जुने रुग्ण नव्याने नोंदवावे लागले.

धास्तीची दखल नव्या नियमांनीही घेतली. तेव्हाच्या नियमांनुसार डॉक्टरने चाचणीचा निकाल मिळाल्यापासून 7 दिवसांत अहवाल द्यायचा असे, पण साध्या फॅक्सने किंवा ई-मेलने नाही. तो हातोहात पोचवायचा किंवा माग काढता येईल अशा टपालाने पाठवायचा असे. निनावी चाचणी केंद्रे चालू राहिली. तिथे चाचणी करून घेणाऱ्याचे नाव खात्याकडे जाई ते तो उपचारांसाठी डॉक्टरकडे गेल्यावरच.