हत्तीपायाची गोळी कुत्र्याला देऊ नका भाऊ

आशाताई हत्तीपायाच्या गोळ्या वाटून गेल्या की अर्धे लोक "आपल्याला कुठं झालाय" म्हणून त्या फळीवर ठेवून देतात. यावेळी एका पोट्ट्यानं विचारलं, रोडवरून उचलून आणलेलं कुत्रं खोकलते, हार्टवर्म, म्हणजे काळजात अन् फुफ्फुसाच्या धमनीत राहणारा जंत, असेल तर तोही मच्छरातूनच होतो ना, मग ह्याच गोळ्या चालतील का? डोकं चाललं त्याचं, दोन्ही जंत भाऊबंदच आहेत. पण नाही. त्यातल्या डीईसी नावाच्या औषधानं रक्तातली जंतांची पिल्लं एकदम मरतात आणि कुत्रं शॉकनं जागेवर जाऊ शकते.

आपल्या देशात हार्टवर्मच्या नोंदी जास्त ईशान्येकडच्या, तरी नालीवरचा आपला क्युलेक्स मच्छर हा जंत वाहू शकतो.

आता मला लय आवडणारी गोष्ट. हार्टवर्म होऊ नये म्हणून कुत्र्याला दर महिन्याला देतात ती आयव्हरमेक्टिनची गोळी पुढचा महिना राखते असं सगळ्यांना वाटते, खरं म्हणजे ती मागचा महिना साफ करते. मच्छर जंताची अळी रक्तात टोचत नाही, कातडीवर सोडतो, मग ती चाव्याच्या भोकातून आत शिरते. ही तिसऱ्या अवस्थेतली अळी ३ ते १२ दिवसांत कात टाकून चौथ्या अवस्थेत जाते, मांसात फिरत राहते, ५० ते ७० दिवसांत परत कात टाकते आणि फुफ्फुसाच्या धमनीकडे निघते. गोळी तिसऱ्या-चौथ्या अवस्थेला बरोबर मारते, त्यापुढचा जंत तिला दाद देत नाही, आणि औषध काही दिवसांतच ओसरते, म्हणून दर ३० दिवसांनी झाडू मारायचा. डोस किती, तर किलोला फक्त ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला ९०. ढोरांच्या गोचिडाचं जे आयव्हरमेक्टिनचंच १ टक्क्याचं इंजेक्शन घरी पडलेलं असते त्याच्या १ मिलीत १०,००० मायक्रोग्रॅम असतात, हिशोब तुम्हीच करा.

गळ्यात बिब्बा बांधून किंवा व्हॉट्सॲपवरचा कडुनिंबाचा रस पाजून जंत मरत नाही.

हार्टवर्म आहे का हे पाहायची रक्ताची ॲन्टिजेन टेस्ट मोठ्या मादी जंताचं प्रोटीन पकडते, म्हणून लागण होऊन सहाएक महिने ती निगेटिव्हच येऊ शकते. आणल्यावर एकदा आणि ६ महिन्यांनी परत करा. पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर आधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन देतात, ते जंताला मारायला नाही तर त्याच्या आत राहणाऱ्या वोल्बाकिया नावाच्या बॅक्टेरियाला मारायला, कारण तिच्याशिवाय जंत अशक्त होतो. मग मेलार्सोमिन, म्हणजे आर्सेनिकचं औषध, कमरेच्या मांसात खोल. एक इंजेक्शन, महिन्यानं दुसरं, आणि २४ तासांनी तिसरं.

खरी पंचाईत त्यानंतर. मेलेल्या जंताचे तुकडे फुफ्फुसात अडकतात, कुत्रं पळालं की धोका वाढते, म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतरही ६ ते ८ आठवडे बांधूनच ठेवायचं. वावरात मोकळं फिरणाऱ्या कुत्र्याला हे सगळ्यात अवघड, दोन आठवड्यांत टुणटुणीत दिसते आणि घरचे साखळी सोडून देतात.