व्हायनिल रॅपची निगा

व्हायनिल रॅप म्हणजे वाहनाच्या मूळ रंगावर चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. ती धुणे, तिच्यावरचे डाग काढणे, कडा उचलू न देणे आणि तिला उन्हापासून जपणे ही सगळी कामे रॅपच्या निगेत येतात. गाडीचा रंग बदलायला, जाहिरात लावायला किंवा मूळ रंग ओरखड्यांपासून वाचवायला रॅप करतात. चांगला बसवलेला रॅप चार पावलांवरून रंगासारखाच दिसतो आणि त्यामुळेच त्याची हेळसांड होते. रंगाला चालणारे पॉलिश, मेण आणि डांबर काढायचे द्रव रॅपलाही चालेल असे लोक धरून चालतात. गाडीच्या रंगावर टणक पारदर्शक कोट असतो, म्हणून तो थोडे घासणे सोसतो. रॅप मऊ असतो, आणि त्याची घासलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

हा मऊपणा येतो कुठून? फिल्म पीव्हीसीची असते, आणि निव्वळ पीव्हीसी कडक व ठिसूळ असते. १९२६ मध्ये वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने त्यात इतर द्रव्ये मिसळून ते लवचीक करून दाखवले. या द्रव्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. ती फिल्ममध्ये रासायनिक बंधाने पक्की जखडलेली नसतात. ऊन, उष्णता आणि तीव्र विद्रावके यांमुळे ती हळूहळू बाहेर पडतात आणि फिल्म कोरडी, ताठ होत जाते.

फिल्म दोन पद्धतींनी बनते. कास्ट फिल्म द्रव स्वरूपात पसरून भट्टीत सुकवतात. ती साधारण ५० मायक्रॉन जाडीची असते आणि वळणांवर शांत बसून राहते. कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांतून दाबून काढतात. ती सहसा ७५ ते १०० मायक्रॉनची असते, आणि तयार होताना पडलेला ताण तिच्यात राहून गेल्याने पुढे आक्रसते. आपल्या गाडीवर कोणती फिल्म आहे हे मालकाला माहीत असावे, कारण आक्रसणाऱ्या फिल्मच्या कडांकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

नवा रॅप लगेच धुवायचा नसतो. त्याचा चिकट थर दाबाने धरतो आणि पूर्ण पकड यायला वेळ घेतो. निदान दोन दिवस पाणी लावू नये. आठवडाभर थांबता आले तर उत्तम.

हाताने धुणे सगळ्यात सुरक्षित. गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावे, कारण तापलेल्या पॅनलवर शाम्पू जागच्या जागी वाळतो. आधी नुसत्या पाण्याने धूळ आणि वाळूचे कण वाहून जाऊ द्यावेत. ही पायरी गाळली तर पुढचे प्रत्येक पुसणे म्हणजे पॉलिशपेपर फिरवणे. मग उदासीन पीएचचा शाम्पू, मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा आणि दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक मोजा खळबळायला. वरून खाली यावे, कारण सगळ्यात जास्त घाण दारांच्या खालच्या भागात आणि चाकांभोवती असते. कडेपाशी हात कडेला समांतर चालवावा. कडेच्या खाली शिरेल असा उलटा फिरवू नये. शेवटी पाणी टिपून घ्यावे. ते तसेच वाळले तर गडद आणि मॅट (बिनचमकीच्या) रॅपवर क्षारांचे पांढरे ठिपके दिसतात.

प्रेशर वॉशर वर्ज्य नाही, पण चालवणारा हात जपून हवा. दाब २,००० पीएसआयच्या आत, फवारा ४० अंशांत पसरणारा, नोझल पृष्ठभागापासून निदान ३० सेंटिमीटर दूर आणि धार पृष्ठभागाला काटकोनात ठेवावी. तिरकी धार पाचरीसारखी कडेखाली घुसते. फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित धुलाईत तर रॅपवर बारीक ओरखडे पडतात आणि कडाही निघतात. तिथे गाडी नेऊच नये.

डागांच्या बाबतीत औषधापेक्षा वेळेला महत्त्व आहे. पक्ष्याची विष्ठा, चिरडलेले किडे, झाडाचा चीक आणि टाकीच्या झाकणाखाली ओघळलेले इंधन हे चार मुख्य शत्रू. इंधन सांडले की त्याच क्षणी पुसून साबणाच्या पाण्याने धुवावे. वाळलेली विष्ठा नखाने कधीही खरवडू नये, कारण तिच्यात कठीण कण असतात. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेले कापड तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावे. खालचा थर मऊ पडला की तेच कापड अलगद उचलून घ्यावे. बहुतेक घाण कापडासोबत येते. उरलेल्या तेलकट डागाला पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल लावता येते, पण आधी दाराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून पाहावे आणि नंतर जागा धुऊन टाकावी. थिनर, पेट्रोल, रॉकेल यांना हात लावू नये. डाग जातो, पण फिल्म फुगते आणि चिकट थर सैल पडतो.

मॅट रॅपची गोष्ट वेगळी आहे. त्याचा पृष्ठभाग मुळातच सूक्ष्म खडबडीत असतो, म्हणून प्रकाश विखुरतो आणि चमक दिसत नाही. एकाच जागी घासत राहिले की हे उंचवटे सपाट होतात, तिथे तुकतुकीत चट्टा उमटतो आणि तो कायमचा राहतो. मेण त्या खोलगटांत अडकून ढगाळ डाग पाडते. मॅट आणि सॅटिन (मंद चमकीच्या) रॅपला पॉलिश व मेण बंद; हवेच असेल तर खास मॅट व्हायनिलसाठीचे सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग वापरावे. कार्बन फायबरसारख्या पोताच्या फिल्ममध्ये घाण रेघांत बसते. तिथे मऊ केसांचा ब्रश उपयोगी पडतो. क्रोम फिल्म सगळ्यात नाजूक, तिच्यावर प्रत्येक रेघ दिसते.

महिन्यातून एकदा कडांवरून बोट फिरवावे. बंपरचे कोपरे, आरशांची टोके, दारांच्या मुठी आणि खोल खाचा इथे फिल्म सर्वाधिक ताणलेली असते, आणि ताणलेली फिल्म मूळ आकाराकडे परतू पाहते. बोटाला बारीकशी जीभ लागली तर तिच्याखाली धूळ जाण्याआधी कड पुसावी, हीट गनने माफक गरम करावी आणि दाबून बसवावी. कडेला काळी रेघ दिसू लागली असेल, तर उघड्या चिकट थराने धूळ धरली आहे असे समजावे. ती कड पुन्हा नीट चिकटत नाही. तेवढा तुकडा कारागिराकडून नीट कापून घेणे किंवा बदलणे बरे.

ऊन मात्र धुऊन जात नाही. बॉनेट, टप आणि डिकीचे झाकण यांवर ते थेट पडते. पाणी, काजळी, आम्लयुक्त धूळही तिथेच साचते. म्हणून हे आडवे भाग दारांच्या बऱ्याच आधी म्हातारे होतात, आणि उत्पादकही आडव्या भागांची हमी कमी मुदतीची देतात. सावलीत उभी राहणारी गाडी आणि दिवसभर उघड्यावर तापणारी गाडी यांच्या रॅपमधला फरक कोणत्याही शाम्पूने भरून निघत नाही.

बॉनेटवर केसासारख्या चिरा दिसू लागल्या की रॅप काढायची वेळ आली. चांगल्या अवस्थेतली फिल्म गरम करून सावकाश ओढली तर अखंड पट्ट्यांत निघते. चिरा पडलेली फिल्म नखाएवढ्या तुकड्यांनी निघते आणि तिचा गोंद मागे पत्र्यावरच राहतो. एकच पॅनल बदलले तर नवा तुकडा शेजारच्या विटलेल्या रंगाशी जुळत नाही, अगदी त्याच कंपनीच्या त्याच छटेचा असला तरी.