बिकॉज यू आर माइन (संगीतपट)

‘बिकॉज यू आर माइन’ हा १९५२ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन रंगीत संगीतपट. मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेसाठी जो पास्टरनॅक यांनी त्याची निर्मिती केली आणि अलेक्झांडर हॉल यांनी तो दिग्दर्शित केला. सक्तीच्या लष्करभरतीत बोलावणे आलेल्या एका नामांकित ऑपेरा (पाश्चात्त्य संगीतनाट्य) गायकाची ही हलकीफुलकी कथा असून ती भूमिका मारिओ लँझा (१९२१–५९) या टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या, गायकाने केली आहे.

कथेची कल्पना त्या काळाला धरून होती. अमेरिकेत १९४८ च्या कायद्याने तरुणांची सक्तीची भरती पुन्हा सुरू झाली होती आणि १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटल्यावर तिचा वेग वाढला. एडी फिशरसारखा ऐन लोकप्रियतेच्या काळातला गायकही १९५१ मध्ये लष्करात दाखल झाला. चित्रपटात युद्धाची झळ मात्र कुठे जाणवत नाही. छावणी, कवायत आणि वरिष्ठांचा धाक एवढ्यावरच त्यातला विनोद उभा आहे.

रेनाल्डो रोसॅनो या गायकाची गाठ छावणीत सार्जंट बॅटरसनशी पडते. हा सार्जंट (जेम्स व्हिटमोर) ऑपेराचा वेडा असून आपली बहीण ब्रिजेट हिने गायिका व्हावे असे त्याला मनापासून वाटत असते. त्यामुळे तो रोसॅनोला सवलती देऊ लागतो, रोसॅनो ब्रिजेटच्या प्रेमात पडतो आणि पुढे गैरसमज होऊन ते यथावकाश मिटतात. कथानकाचा जीव एवढाच. ब्रिजेटचे काम करणाऱ्या डोरेटा मॉरो या ब्रॉडवेच्या रंगभूमीवरील अभिनेत्री-गायिका होत्या आणि त्यांचा हा एकमेव चित्रपट ठरला.

चित्रपटाचे खरे बळ लँझा यांच्या गळ्यात आहे. फिलाडेल्फियात इटालियन वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या लँझा यांचे मूळ नाव आल्फ्रेडो कोकोझा. आईचे माहेरचे नाव घेऊन ते रंगमंचावर आले. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात होते आणि तेथील संगीतप्रयोगांत गात असत, त्यामुळे गणवेशातला गायक त्यांना अनोळखी नव्हता. उलट ऑपेराचा रंगमंच त्यांच्या वाट्याला फार थोडा आला: १९४८ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेरामध्ये त्यांनी पिंकर्टनची भूमिका केली, तीही दोनच प्रयोगांत. लाखो प्रेक्षकांनी ज्यांना ऑपेरा गायक म्हणून ओळखले, त्यांची ती ओळख ऑपेरा गायक कारुसो यांच्यावरील ‘द ग्रेट कारुसो’ (१९५१) हा चित्रपट आणि त्यापाठोपाठच्या या चित्रपटासारख्या पडद्यावरील भूमिकांतूनच घडली. ‘द ग्रेट कारुसो’च्या यशानंतर ही कथा त्यांना आपल्या योग्यतेची वाटत नव्हती. चित्रीकरणाच्या काळात त्यांचे वजन इतके कमी-जास्त होत राहिले की लक्ष देऊन पाहणाऱ्याला तो फरक प्रसंगागणिक जाणवतो.

आवाजावर मात्र त्या नाराजीची छाया पडलेली नाही. मास्कान्यी यांच्या ‘कॅव्हॅलेरिया रुस्तिकाना’ या ऑपेरातील, आईचा निरोप घेणाऱ्या मुलाचे व्याकूळ गीत, मेक्सिकन संगीतकार आगुस्तिन लारा यांचे ‘ग्रानादा’ आणि ॲल्बर्ट हे मॅलॉट यांनी स्वरबद्ध केलेली ख्रिस्ती प्रार्थना ‘द लॉर्ड्स प्रेयर’ अशा अगदी वेगळ्या प्रकृतीच्या रचना येथे एकाच गळ्यातून ऐकू येतात. ‘ग्रानादा’त टाळी घेणारी स्वरफेक आहे, परंतु प्रार्थनेत हळुवार सुरुवातीपासून शिखरस्वरापर्यंत लँझा ज्या संयमाने चढत जातात, तो भाग संपूर्ण चित्रपटात सर्वांत उंचीचा म्हणावा लागेल.

शीर्षकगीत निकोलस ब्रॉड्स्की (संगीत) आणि सॅमी कान (शब्द) यांचे आहे; लँझा यांचे गाजलेले ‘बी माय लव्ह’ हे गीतही याच जोडीने रचले होते. नव्या गीताच्या लँझा यांनी गायलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, तर गायक नॅट किंग कोल यांनी तेच गीत आपल्या मृदू शैलीत ध्वनिमुद्रित केले. सर्वोत्कृष्ट गीताच्या ऑस्कर पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले होते, परंतु पुरस्कार ‘हाय नून’ या चित्रपटाच्या गीताला गेला. लंडनमध्ये त्या वर्षीच्या राजघराण्याच्या खास चित्रपट-खेळासाठी याच संगीतपटाची निवड झाली आणि १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ब्रिटनमध्ये लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांची पहिली क्रमवारी छापली गेली, तेव्हा तिच्यात लँझा यांचे हे गीत होते आणि फ्रँकी लेन यांनी गायलेले ‘हाय नून’ही होते.