मोफत सोशल स्लॉट गेम व अ‍ॅफिलिएट व्यवसाय

मोबाईलवर किंवा संगणकावर खेळला जाणारा, कॅसिनोतील स्लॉट यंत्रासारखाच दिसणारा आणि वाजणारा खेळ. फिरणारी चक्रे, जुळणारी चिन्हे, जॅकपॉटचा गजर हे सगळे त्यात असते. जिंकलेली नाणी मोडून रुपये करण्याची सोय तेवढी नसते. नाणी दर काही तासांनी फुकट मिळतात, संपली की विकतही घेता येतात, पण कंपनी ती परत घेत नाही. या खेळांकडे खेळाडू वळवून त्याबद्दल कमिशन घेणाऱ्याला अ‍ॅफिलिएट म्हणतात.

गोव्यात हा विषय वेगळा ठरतो, कारण खरे यंत्र येथे डोळ्यांसमोर आहे. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार अधिनियम १९७६ चा. त्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळ आले. पणजीसमोर मांडवीत उभी असलेली कॅसिनो जहाजे हे त्याचेच फळ. पुढे २०१२ च्या दुरुस्तीतील गोमंतकीयांना कॅसिनोबंदीची तरतूद १ फेब्रुवारी २०२० पासून अमलात आली. म्हणजे जहाजावर दिल्लीचा पर्यटक चढतो, डिचोलीचा किंवा पेडण्याचा माणूस धक्क्यावर राहतो. त्याच्या फोनवरची चक्रे मात्र कोणी अडवत नाही. मटका आणि जत्रेतला गडगडा हे जुगार पाहिलेल्या समाजाला फुकट फिरणाऱ्या चक्रात जुगार दिसतच नाही, हेही खरे.

या खेळांचा धंदा फेसबुकबरोबर वाढला. इस्रायलच्या प्लेटिका कंपनीचा ‘स्लॉटोमेनिया’ २०१० चा. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सीझर्स या कॅसिनो समूहाने प्लेटिका घेतली आणि २०१६ मध्ये ती ४.४ अब्ज डॉलरला एका चिनी गटाला विकली गेली. खरी स्लॉट यंत्रे बनवणाऱ्या आयजीटीने २०१२ मध्ये ‘डबलडाऊन’ ही सोशल कॅसिनो कंपनी विकत घेतली. बक्षीस न देणाऱ्या खेळाला एवढी किंमत का, याचे उत्तर हिशेबात आहे: खर्च जाहिरातीचा आणि सर्व्हरचा, बक्षिसाचा शून्य. शिवाय खऱ्या यंत्राच्या परताव्याचे प्रमाण, म्हणजे लावलेल्या पैशांतून खेळाडूंना किती परत मिळते ते, अनेक देशांत नियामक तपासतो. इथे तपासणारा कोणी नसल्याने नव्या खेळाडूला उदार आणि जुन्याला कंजूष असे गणित बसवायला कंपनी मोकळी असते.

अ‍ॅफिलिएटला हे खेळ सोपे वाटतात ते खेळाडूकडून काहीच मागायचे नसते म्हणून. ना ओळखपत्र, ना बँक खाते, ना आधी भरायची रक्कम. खेळाडू कोणी पाठवला हे नोंदवणाऱ्या ट्रॅकिंग लिंकवरून अ‍ॅप उतरवले गेले की ठरलेला मोबदला जमा होतो. पण नुसत्या इन्स्टॉलचा दर तुटपुंजा असतो. खरा पैसा खेळाडूच्या खरेदीतील वाट्यात असतो, आणि खरेदी करणारे मूठभरच असतात. कंपनीची सगळी मदार त्यांच्यावर. त्या खरेदीतूनही अ‍ॅप स्टोअर ३० टक्क्यांपर्यंत कापून घेते, उरलेल्यातून अ‍ॅफिलिएटचा वाटा निघतो. त्यात एप्रिल २०२१ पासून अ‍ॅपलने दुसऱ्या अ‍ॅपवरचा माग काढण्याआधी वापरकर्त्याची परवानगी सक्तीची केली, तेव्हापासून कोणता खेळाडू कोणी आणला हे सिद्ध करणेही अवघड झाले.

खेळाडू कोणत्या देशाचा यावर दर ठरतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वर, भारत बराच खाली. त्यामुळे म्हापशात बसून हे काम करणाऱ्यालाही इंग्रजीत, परदेशी वाचकासाठी लिहिणेच परवडते. मराठीत स्पर्धा कमी, पण मोबदलाही तसाच. दुसरा एक मोह रोजच्या फुकट नाण्यांच्या लिंका गोळा करणाऱ्या पानांचा. कंपन्या अशा लिंका स्वतःच वाटतात, वाचक रोज परत येतो आणि भेटींचा आकडा फुगतो. पण फुकट नाण्यांसाठी रोज दारात उभा राहणारा वाचक नाणी विकत घेणारा नव्हे. अशा पानाची कमाई बहुधा आजूबाजूच्या जाहिरातींतून होते, खेळातून नाही.

या व्यवसायातली जुनी वहिवाट वेगळीच होती: फुकट खेळाने यादी जमवायची आणि मग तीच माणसे खऱ्या पैशांच्या कॅसिनोकडे वळवायची. जाणकार मंडळी सोशल स्लॉटचे मोल यातच मोजत. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५ मुळे भारतात हा रस्ता बंद झाला. राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्ट २०२५ ची. पैशांचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अ‍ॅफिलिएटची लिंक म्हणजे जाहिरातच, त्यामुळे दुसरी तरतूद थेट त्याच्या डोक्यावर आहे. सोशल खेळांना याच कायद्यात वेगळे स्थान आहे, तिथे वर्गणी घेण्यासही हरकत नाही. मात्र पणाला लागणाऱ्या वस्तूंच्या व्याख्येत पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी आणि टोकनही येतात. नाणी विकणाऱ्या स्लॉटला आधार मिळतो तो जिंकण्यातून आर्थिक लाभ नसण्याचा. नाणी परत घेण्याची किंवा त्यांवर भेटवस्तू देण्याची योजना आली की तो आधार सुटतो.

आभासी नाण्यांना मोल आहे का, हा वाद अमेरिकेतही झाला आहे. ‘बिग फिश कॅसिनो’ या अशाच खेळाच्या खटल्यात २०१८ साली तेथील नवव्या सर्किट अपील न्यायालयाने वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार आभासी चिप्स ही मूल्यवान वस्तू ठरवली. चिप्स मोडता येत नसल्या तरी खेळत राहण्याची मुभा त्या देतात, एवढे न्यायालयाला पुरेसे वाटले.

मांडवीतील जहाजे राज्याच्या कायद्याखाली चालतात. २०२५ चा केंद्रीय कायदा ऑनलाइन खेळांपुरता आहे.